नदी दारात, पाणी मात्र परगावचं : इचलकरंजीची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गोष्ट तीच.

सुरुवात एका कोड्यापासून करू. फोनवर नकाशा उघडा आणि ‘इचलकरंजी’ टाका. कोल्हापूरपासून पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर एक दाट वस्तीचं शहर दिसेल आणि त्याला लागून वळणं घेत जाणारी एक निळी रेघ. ती पंचगंगा. म्हणजे शहर अगदी नदीकाठी वसलेलं.

आता कोडं असं, की या शहरातल्या अनेक भागांत नळाला पाणी येतं ते तीन-चार दिवसांनी एकदा. त्यातलं बरंचसं पाणी पंचगंगेचं नसतंच. ते येतं शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून, कृष्णा नदीतून, लांबलचक पाइपलाइनने. तेही पुरत नाही, म्हणून आधी वारणा नदीकडे मागणी गेली आणि मग दूधगंगेकडे. दोन्ही ठिकाणच्या गावांनी सांगितलं, ‘आमचं पाणी नेऊ देणार नाही.’

दारात नदी असताना एखादं शहर तीन परक्या नद्यांच्या दारात का उभं राहतं? आजचा भाग या एका प्रश्नावर आहे. उत्तर शोधताना आपल्याला माग, कांजी, काविळीची साथ आणि कोल्हापुरी बंधारे अशा सगळ्या गोष्टींतून जावं लागेल. तर चला.

आधी नदी समजून घेऊ

पंचगंगा हे नाव पाच नद्यांवरून आलं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार डोळ्यांना दिसणाऱ्या आणि पाचवी सरस्वती, जी गुप्त आहे असं मानतात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो आणि तिथून पुढे पंचगंगा सुरू होते. कोल्हापूर शहर, मग रुकडी, रुई, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड असं करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. सगळी वाट साधारण ८० किलोमीटरची. नद्यांच्या हिशेबात ही फारच छोटी नदी.

पण या ८० किलोमीटरच्या काठावर ऊस आहे, साखर कारखाने आहेत, औद्योगिक वसाहती आहेत, कोल्हापूरसारखं मोठं शहर आहे आणि इचलकरंजी आहे. शेवटी नृसिंहवाडीचं दत्त देवस्थान आहे. तिथे पावसाळ्यात नदीचं पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडलं, की ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि लोक त्या पाण्यात श्रद्धेने स्नान करतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. वरून जे काही नदीत सोडलं जातं, ते खाली कुणाच्या तरी अंगावर, शेतात किंवा घशात जातं.

माग कसा आला?

इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा कारभार होता. गाण्याची आवड असणाऱ्यांना हे गाव वेगळ्या कारणानेही ठाऊक असेल : पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथलेच. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे शिष्य.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. हातमागाच्या जागी यंत्रावर चालणारा माग, ही त्या काळात मोठी उडी होती. जहागिरीने उद्योगाला पाठबळ दिलं, एकाचं बघून दुसऱ्याने माग घातला आणि हळूहळू सगळं गावच विणू लागलं. धोतर, मलमल, पॉपलिन, कॅम्ब्रिक अशी सुती कापडं इथून देशभर जाऊ लागली. पुढे सहकारी सूतगिरण्या आल्या. लोक ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणू लागले.

पण खरं मँचेस्टर म्हटलं की डोळ्यासमोर मोठमोठ्या गिरण्या येतात. इचलकरंजी तशी नाही. इथे कारखाना म्हणजे बऱ्याचदा घराच्या मागची शेड, तळमजला किंवा गल्लीतला गाळा. कुणाचे आठ माग, कुणाचे चोवीस. गल्लीतून चालताना खटखट-खटखट आवाज आधी येतो आणि कारखाना नंतर दिसतो.

यात एक शब्द शिकण्यासारखा आहे : ‘खर्चीवाला’. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला मागधारक आपल्या मागावर ते विणून देतो आणि मजुरी घेतो. कापड त्याचं नसतं, सूतही त्याचं नसतं. त्याच्याकडे फक्त माग, विजेचं बिल आणि कामगारांचा पगार. मजुरीचा हिशेब ‘पिका’वर होतो. पिक म्हणजे एक इंच कापडात आडवे धागे किती, ती संख्या. इथे ५२ पिकांचं कापड धरून दर ठरायची पद्धत आहे आणि कामगाराची मजुरीवाढही मीटरमागे पैशांत मोजली जाते. हो, पैशांत! ज्या पैशांची नाणी आपण कधीच विसरलो, त्यांच्यासाठी इथे संप झाले आहेत.

माग चालवणारा कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत चार, सहा, आठ माग सांभाळतो. त्याच्याभोवती अजून पाच-सहा जातीचे कामगार : बिघडलेला माग लावून देणारा जॉबर, कांड्या भरणारे कांडीवाले, बीमचा एकेक धागा फणीतून ओवणारे वहिफणीवाले, हिशेब ठेवणारा दिवाणजी. शेजारच्या कर्नाटकातून, तसंच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कितीतरी जण या कामात आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. २०२२ साली इथे नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

हे सगळं एवढं सविस्तर सांगितलं, कारण पुढे ‘प्रदूषण रोखायचा खर्च कोण देणार?’ असा प्रश्न येणार आहे. तेव्हा हा पैशांतला हिशेब आठवा.

मग पाणी नेमकं कुठे नासतं?

बहुतेकांना वाटतं, मागामुळे नदी घाण होते. तसं नाही. विणकामाला पाणी जवळपास लागतच नाही. मागातून आवाज आणि कापसाचं तूस बाहेर पडतं, सांडपाणी नाही. पाण्याचा संबंध विणण्याच्या आधी आणि विणल्यानंतर येतो.

आधीची पायरी म्हणजे सायझिंग. मागावर उभे धागे सतत ताणले जातात, घासले जातात. साधं सूत तिथे पटापट तुटेल. म्हणून त्याला आधी खळ लावतात, म्हणजे स्टार्चची कांजी. घरी सुती साडीला कांजी घालतात ना, तोच प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर. खळ लागली की धागा कडक होतो आणि माग नीट चालतो.

विणून झालेल्या कोऱ्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात. ते रंगवायचं असेल तर आधी ती सगळी खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग बसणारच नाही. मग कॉस्टिकमध्ये उकळणं, ब्लीच करणं, रंगवणं, पुन्हा पुन्हा धुणं. या कामांना प्रोसेसिंग म्हणतात. प्रत्येक पायरीला पाणी लागतं आणि प्रत्येक पायरीचं पाणी बाहेर पडतं.

इथे एक गंमत आहे. आपल्याला नदीत लाल-निळं पाणी दिसलं की धक्का बसतो. पण डोळ्यांना न खुपणारी खळसुद्धा नदीला तितकीच महागात पडते. स्टार्च म्हणजे जिवाणूंचं जेवण. ते पाण्यात गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते पचवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यांना असा किती ऑक्सिजन लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या लायकीच्या नदीत हे माप लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत असावं, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मात्र लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा.

रंगाचा त्रास वेगळा. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. हे मीठ जिवाणूंच्या साध्या प्रक्रियेने निघत नाही. त्यासाठी आरओ आणि पाणी आटवणारी यंत्रं लागतात. ती महाग आणि त्यांची वीज त्याहून महाग.

इथलं सगळं कापड इथेच रंगत नाही, हेही सांगायला हवं. बरंचसं ग्रे कापड राजस्थानातल्या पाली-बालोतराला किंवा गुजरातेतल्या जेतपूर-अहमदाबादला जातं. तिथल्या बांडी, लुणी, भादर या नद्यांची अवस्थाही बघण्यासारखी आहे. म्हणजे कापडाबरोबर प्रश्नही प्रवास करतो.

मासे का मरतात?

इचलकरंजीतलं सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या एका ओढ्याचं नाव आहे ‘काळा ओढा’. त्याच्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही.

पण सगळं पाप याच ओढ्याचं नाही. वर कोल्हापुरात जयंती नाला, दुधाळी नाला नदीला मिळतात. मधल्या गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आणि उसाच्या शेतातून येणारी खतं यात भर घालतात. नदी इचलकरंजीला पोहोचते तेव्हा ती आधीच दमलेली असते.

आता यात बंधाऱ्यांचा भाग बघा. पंचगंगेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे फळ्या बसवतात आणि पाणी अडवतात. शेतीसाठी ही फार चांगली सोय. पण वाहतं पाणी हवेशी खेळत राहतं, ऑक्सिजन घेत राहतं. अडलेलं पाणी ते करू शकत नाही. त्यात उन्हाळा. पाणी कमी, शिवाय गरम झालेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. सांडपाणी मात्र बाराही महिने तेवढंच. मग साचलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय छान हिरवंगार!

आणि मग कधी बरगे निघतात, कधी वळवाचा पहिला पाऊस तळाची घाण ढवळून खाली ढकलतो, आणि तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. शिरोळ तालुक्यातल्या लोकांना हे दृश्य नवीन नाही. मेलेले मासे आणि काळं पाणी घेऊन त्यांनी कितीतरी वेळा अधिकाऱ्यांना जाब विचारला आहे.

हीच नदी पावसाळ्यात मात्र रूप बदलते. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी महापुराने नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्टमध्ये घरात शिरणारं पाणी एप्रिलमध्ये घागरीत मिळत नाही!

२०१२ चा उन्हाळा

मे-जून २०१२. इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, दवाखान्यांत जागा पुरेना, आणि अनेकांचा जीव गेला.

ही कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू रंगाच्या किंवा कांजीच्या पाण्यातून येत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून येतो. मैलामिश्रित पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, की तो घराघरांत पोहोचतो. गरोदर बायकांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण चर्चेत ती हमखास निसटते. नदीला दोन वेगवेगळे आजार आहेत. एक कारखान्यांचा : खळ, रंग, मीठ. दुसरा आपला सगळ्यांचा : शौचालय, न्हाणीघर, मोरी. कारखान्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण साथ पसरवणारा मैला कुठल्या एका कारखान्याचा नसतो, तो घराघरातला असतो. आणि तो पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवणं हे नगरपालिकांचं, महापालिकांचं, ग्रामपंचायतींचं काम.

पंचगंगेच्या प्रदूषणाचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने नदीचा अभ्यास केला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची कामं पुढे सरकली. पण लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : पंचगंगेचं पाणी प्यायचं नाही.

‘आमचं पाणी नेऊ नका’

मग प्यायचं कुठलं? कृष्णेची पाइपलाइन होती, पण ती जुनी होत गेली आणि वारंवार फुटायला लागली. गळती निघाली की पाणी बंद, आणि गल्लीत टँकरभोवती घागरींची रांग.

म्हणून वारणेचा पर्याय निघाला. शिरोळ तालुक्यातल्या दानोळीतून पाणी उचलायचं ठरलं. २०१८ साली दानोळीकर आणि वारणाकाठची गावं रस्त्यावर उतरली. काम पुढे गेलं नाही. त्यानंतर दूधगंगा. कागल तालुक्यातल्या सुळकूडहून पाणी आणायची योजना २०२२ मध्ये मंजूर झाली. तिलाही काठावरच्या गावांनी कडाडून विरोध केला. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या या पाण्यात कर्नाटकचाही वाटा आहे, त्यामुळे सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांनाही काळजी. योजना विरोधात अडकून राहिली. शहरात पाण्यासाठी मोर्चे निघाले, आणि खेड्यांत पाणी वाचवण्यासाठी मोर्चे निघाले.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून बघू.

इचलकरंजीकर म्हणतात, ‘आम्ही प्यायला पाणी मागतोय, कारखान्याला नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क असतो. आमच्याकडे नदी येते तीच वरून खराब होऊन. त्यात आमच्या पोराबाळांचा काय दोष?’

नदीकाठचा शेतकरी म्हणतो, ‘आज प्यायला म्हणून न्याल, उद्या शहर वाढेल, परवा आमच्या उपशावर बंदी येईल. उन्हाळ्यात आमच्याच मोटारी बंद ठेवायला सांगतात. आणि तुमच्या दारात नदी आहे की! ती आधी नीट करा.’

खरं सांगा, यातला कोण चूक आहे? दोघांचंही म्हणणं पटतं, आणि म्हणूनच हा वाद सुटत नाही. शेवटचं वाक्य मात्र फार महत्त्वाचं आहे. एका नदीची हेळसांड झाली, की दुसऱ्या नदीवरचा आपला विश्वासही संपतो. ‘हे लोक आमच्या नदीचंही तेच करतील’ ही भीती कुठल्याही सरकारी मंजुरीने जात नाही.

मग करायचं काय?

जादूची कांडी नाही. पण कामं काय आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे.

पहिलं : घराघरातलं सगळं सांडपाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचलं पाहिजे. नुसतं केंद्र बांधून भागत नाही. तिथपर्यंत भुयारी गटारं हवीत, पंप रोज चालले पाहिजेत, आणि त्याचं वीजबिल वेळेवर भरलं गेलं पाहिजे. फीत कापायला सगळे येतात, बिल भरायला कुणी येत नाही.

दुसरं : प्रोसेसिंगच्या पाण्यावर सामायिक प्रक्रिया. एकट्या छोट्या कारखान्याला मोठी यंत्रणा परवडत नाही, म्हणून अनेकांनी मिळून एक केंद्र चालवायचं. अशी सोय इचलकरंजीत आहे. पण ज्याला खर्च वाचवायचा असतो, तो रात्री गुपचूप ओढ्यात पाणी सोडू शकतो. त्याला पकडलं नाही, तर प्रामाणिकपणे पैसे भरणारा मूर्ख ठरतो. त्यामुळे तपासणी सतत आणि अचानक व्हायला हवी.

तिसरं : प्रक्रिया केलेलं पाणी परत वापरणं. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी कारखान्यांना दिलं, तर प्यायच्या पाण्यावरचा ताण कमी होतो.

चौथं, आणि इथे तो पैशांतला हिशेब आठवा : खर्च. मीटरमागे पैसे मोजणारा खर्चीवाला आणि बारा तास उभा राहणारा कामगार यांच्याकडून तो निघणार नाही. साखळीत वर बसलेला व्यापारी, ब्रँड आणि शेवटी स्वस्त कापड हवं असणारे तुम्ही-आम्ही, यांच्यापर्यंत तो पोहोचायला हवा. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त कापडाच्या किमतीत नदीचा खर्च धरलेलाच नसतो. तो कुणीतरी तेरवाडच्या बंधाऱ्यावर नाक दाबून भरत असतो.

पाचवं : हे एकट्या इचलकरंजीने करून चालणार नाही. कोल्हापूरने नदी घाण सोडली, तर इचलकरंजीने स्वच्छ करून उपयोग नाही. इचलकरंजीने घाण सोडली, तर शिरोळने काय करायचं? नदीकाठचं प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली असतं आणि कुणाच्या तरी वर. खाली असल्याची तक्रार सगळे करतात. वर असल्याची जबाबदारी घ्यायला मात्र कुणी उभं राहत नाही. पंचगंगेची सगळी गोष्ट या एका ओळीत आली, असं मला वाटतं.

जाता जाता

इचलकरंजीला नावं ठेवायला हा भाग केला नाही. शंभरहून अधिक वर्षं या गावाने देशाला कापड दिलं, घर सोडून आलेल्या हजारो हातांना काम दिलं. मोठी गिरणी, मोठा मालक नसतानाही गल्लीबोळांतून एवढा उद्योग उभा राहू शकतो, हे दाखवून दिलं. ज्या गावाला सुताचा एकेक धागा फणीतून ओवता येतो, त्याला नदीचा गुंता सोडवता येणार नाही, असं मी मानत नाही. फक्त तो गुंता एकट्याने सुटणारा नाही.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ दोन प्रश्नांचा. तुमच्या नळाला येणारं पाणी कुठल्या नदीचं आहे? आणि तुमच्या मोरीतून जाणारं पाणी कुठल्या नदीला मिळतं? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण देतील. दुसऱ्याचं शोधून काढा आणि आम्हाला कळवा. तुमच्या गावाच्या खाली कोणतं गाव आहे, तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि नळ बंद करायला विसरू नका!